हसविणाऱ्याचे भय

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीकडे सुरतेस काही दिवस मुक्कामाला गेलो होतो. तापीकाठच्या एका मैदानावर सर्कस उतरली होती. नात तेव्हा पाच वर्षांची. तिच्या हट्टाखातर एका संध्याकाळी आम्ही सारेच तंबूत जाऊन बसलो. उंच झुल्यावरची माणसे अधांतरी हात सोडत होती, एक मुलगी छत्री घेऊन तारेवरून चालत होती, लोखंडी जाळीच्या गोलात मोटारसायकली गरगर फिरत होत्या. हे सारे जिवावरचे खेळ नात डोळे विस्फारून, परंतु निर्भयपणे पाहत होती. नंतर जोकर आला. पांढराफटक चेहरा, कानांपर्यंत ओढलेले लाल ओठ, चेंडूसारखे नाक, पायांत हातभर लांब बूट. प्रेक्षकांतून फिरत फिरत तो आमच्या रांगेपाशी आला, नातीसमोर वाकला आणि त्याने तिच्यापुढे हात केला. पोरीने जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानांत आहे.

आजूबाजूचे लोक हसले. मागच्या बाकावरील एका गृहस्थांनी मोठ्या मायेने तिची समजूत घातली, “बेटा, ए तो जोकर छे!” सांगावयास संकोच वाटतो, पण मीही हसलो. जोकर पुढच्या रांगेकडे वळला. परत येताना रिक्षात नात बराच वेळ गप्प होती. घर जवळ आले तेव्हा तिने विचारले, “आजोबा, तो हसत होता, की त्याचं तोंडच तसं होतं?”

मला उत्तर देता आले नाही. मुलांच्या प्रश्नांना मोठी माणसे देतात तसले काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. आता ती नात सोळा वर्षांची झाली आहे. परवा बोलता बोलता तिने सांगितले, की मैत्रिणींबरोबर तिने एक इंग्रजी भयपट पाहिला आणि त्यातले भूत म्हणजे एक विदूषकच होता. “आजोबा, भूत करायला त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही का? हसवणाऱ्यालाच भूत का करतात?” तिचा जुनाच प्रश्न आता मोठा होऊन पुढे आला होता. या खेपेस वेळ मारून नेणे मला बरे वाटले नाही.

वस्तुतः प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. वाघाचे भय का वाटते हे कोणी सांगावे लागत नाही. स्मशान, अमावास्येची रात्र, ओसाड विहीर यांच्या भयालाही कारण आहे. आपल्या गोष्टींतील वेताळ, जखीण, हडळ, ब्रह्मसमंध ही सारी मंडळी मृत्यूच्या सीमेवर वावरणारी. भिवविणे हा त्यांचा जणू स्वभावधर्मच. विदूषकाचे तसे नाही. माणसाच्या मनावरचा भार घटकाभर हलका करावा एवढ्याचसाठी तो जन्माला आला. त्याच्याच रूपाने भय यावे, हे औषधाचे विष व्हावे तसे झाले. असे का होते, आणि यात दोष कोणाचा, एवढ्या दोनच गोष्टींचा येथे विचार करावयाचा आहे.

सर्कशीतला पांढऱ्या तोंडाचा जोकर हा आपल्याकडे तसा पाहुणा होय. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपली सर्कस उभी केली आणि देशी सर्कशीचा पाया घातला. पुढे सांगलीच्या मुलखातून आणखी सर्कशी निघाल्या. सुरतेच्या परिसराचाही या इतिहासात वाटा आहे. सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या, आणि तेव्हा सुरत जिल्ह्यातच मोडणाऱ्या बिलीमोरा या गावी १५ ऑगस्ट १९५१ रोजी केरळच्या एम. व्ही. शंकरन यांच्या जेमिनी सर्कशीचा आरंभ झाला. राज कपूर यांच्या ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) या चित्रपटात हीच सर्कस पडद्यावर आली. आई डोळ्यांदेखत गेली असता मुलाला लोकांना हसविण्यासाठी रिंगणात उतरावे लागते, हा त्यातील प्रसंग ज्यांनी पाहिला ते तो विसरले नसतील. रंगविलेल्या हास्याआड अश्रू आहेत हे आपणांस ठाऊक असले म्हणजे करुण उपजतो. परंतु त्या हास्याआड काय आहे हे ठाऊकच नसेल तर? भयाची हद्द तेथून सुरू होते.

पाश्चात्त्य लेखकांनी ही हद्द फार पूर्वीच ओलांडली. रंगविलेल्या चेहऱ्याचा विदूषक लंडनच्या रंगभूमीवर लोकप्रिय केला तो जोसेफ ग्रिमाल्डी याने. त्याचे स्वतःचे आयुष्य दुःखाने आणि शरीरपीडेने ग्रासलेले होते. त्याच्या मृत्यूनंतर, १८३८ साली, त्याच्या आठवणी चार्ल्स डिकन्सने संपादून प्रसिद्ध केल्या. पुढे अमेरिकेत एडगर ॲलन पो याने १८४९ साली ‘हॉप-फ्रॉग’ या कथेत एक लंगडा, खुजा राजविदूषक रंगविला. राजा व त्याचे सात मंत्री आपला व आपल्या सखीचा जो छळ करतात त्याचा सूड तो त्यांना वानरांची सोंगे देऊन, साखळदंडाने बांधून, जिवंत जाळून घेतो. स्टीफन किंग याच्या १९८६ सालच्या ‘इट’ या कादंबरीत तर सूडाचेही निमित्त उरले नाही. तेथे मुलांना गिळणारी एक अनादि दुष्ट शक्तीच विदूषकाचे रूप घेऊन येते. त्याच्या काही वर्षे आधी, १९८० साली, तेहतीस मुलांच्या व तरुणांच्या हत्येबद्दल अमेरिकेत दोषी ठरलेला एक इसम मुलांच्या समारंभांत विदूषक होऊन जात असे, हे उघडकीस आले होते. २०१६ साली त्या देशात विदूषकाच्या वेषातील अज्ञात माणसे रानाच्या कडेला मुलांना बोलावतात अशा वार्ता उठल्या आणि पाहता पाहता त्या इतर देशांतही पसरल्या. माझ्या नातीने पाहिलेला चित्रपट या परंपरेतला.

मानसशास्त्रज्ञांनीही या भयाचा मागोवा घेतला आहे. वेल्समधील संशोधकांनी चौसष्ट देशांतील ९८७ प्रौढांना प्रश्न विचारून केलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी, म्हणजे शेकडा ५३.५ जणांनी, विदूषकाचे थोडेबहुत तरी भय वाटत असल्याचे सांगितले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की विदूषकाकडून प्रत्यक्ष वाईट अनुभव आला म्हणून भितो असे म्हणणारे त्यांत सर्वांत कमी निघाले. सर्वांत प्रबळ ठरले ते कारण हे, की रंगाच्या थराखाली त्या माणसाच्या मनातले भाव वाचता येत नाहीत. पाच वर्षांच्या मुलीने रिक्षात विचारले ते याहून निराळे नव्हते.

हे कारण खरे आहे. परंतु पुरते नाही. केवळ चेहरा झाकल्यानेच भय उपजत असते, तर आपल्या जत्रा-उत्सवांतील निम्मी सोंगे भयाचीच झाली असती. मुखवटा घातलेल्या, तोंड रंगविलेल्या सोंगांच्या मागे आपण लहानपणी टाळ्या पिटत धावलो आहोत. तेव्हा झाकलेला चेहरा कोठे हसवितो आणि कोठे भिववितो, हे ठरविणारे आणखी काही असले पाहिजे. ते शोधण्यासाठी आपल्याच घरातील जुना ग्रंथ उघडावा लागतो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांतील हास्य कशातून उपजतो? विकृत वेषातून, विकृत अलंकारांतून, विसंगत बोलण्या-चालण्यातून. आणि भयानक? तोही विकृत स्वरातून, भूतपिशाचांच्या दर्शनातून. ‘विकृत’ हा शब्द आज आपण ज्या नैतिक अर्थाने वापरतो तो येथे नाही. नेहमीच्या आकारापासून ढळलेले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे हास्य आणि भय यांचे बीज एकच ठरते. नाक जागेवरून हलले, ओठ कानाला भिडले, पाऊल हातभर झाले, की ओळखीच्या आकाराला तडा जातो. त्या तड्यातून आपण हसू बाहेर काढतो किंवा भय आत घेतो.

भरतमुनींनी रसांचे वर्ण आणि देवताही सांगितल्या आहेत. हास्याचा वर्ण श्वेत व देवता प्रमथ. भयानकाचा वर्ण कृष्ण व देवता काल. प्रमथ म्हणजे शिवाचे गण. कोणाला तोंड नाही, कोणाला अनेक तोंडे, कोणी लंबोदर, कोणी एकपाद. ज्यांच्या दर्शनाने माणसाने पळत सुटावे त्यांनाच हास्याच्या आसनावर बसविण्यात आले आहे! शिवपुराणातील पार्वतीविवाहाची कथा आपण कीर्तनातून कितीदा तरी ऐकली असेल. वरात दाराशी आली, तिच्यातील भुतेखेते आणि सर्पभूषण नवरदेव पाहून मेनाराणी मूर्च्छित पडली. कीर्तनकार हा प्रसंग रंगवू लागले की मंडप हास्याने दुमदुमतो. वरात तीच, मेना मूर्च्छित होते आणि आपण हसतो. कारण तो शंकर आहे हे आपणांस ठाऊक आहे. तिला ते अजून कळावयाचे आहे.

याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या नाट्यप्रयोगात देवांचा विजय व दैत्यांचा पराभव दाखविला, तेव्हा रुष्ट झालेल्या दैत्यांनी व विघ्नांनी प्रयोग उधळून लावला. मग ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधविले आणि त्याच्या रक्षणासाठी ठिकठिकाणी देवता नेमल्या. नायकाचे रक्षण इंद्राकडे, नायिकेचे सरस्वतीकडे, आणि विदूषकाचे ओंकाराकडे आले. नाटकातील राजाला इंद्र पुरला. पण ज्याने खाण्यापिण्यावरून विनोद करावयाचे, त्याच्यासाठी प्रत्यक्ष प्रणव नेमावा लागला! पंडित याचा अर्थ निरनिराळा करतील. मला तो असा वाटतो: विदूषक हा मर्यादा मोडणारा. तो राजाला टोमणा मारतो, ब्राह्मण असून प्राकृत बोलतो, गंभीर क्षणी भलतेच काही विचारतो. जो मर्यादा मोडतो त्याच्या भोवतीच सर्वांत बळकट मर्यादा असावी लागते. ती नसेल तर त्याचे मोडणे कोठे थांबेल हे सांगता येत नाही.

या मर्यादेचा प्रत्यक्ष अनुभव मला कोणत्या ग्रंथाने दिला नाही. तो आमच्या गावच्या जत्रेने दिला. गोव्याच्या सीमेलगतचे आमचे गाव. जत्रेच्या रात्री पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळापुढे दशावतार उभा राही. एक लाकडी बाकडे, पायपेटी, मृदंग आणि झांज. याहून अधिक थाट नसे. आधी रिद्धिसिद्धींसह गणपती, मग सरस्वती, मग ब्रह्मदेव येत. आणि त्यानंतर, मध्यरात्र उलटली असता, संकासुर. नखशिखांत काळा वेष, तोंडावर काळा बुरखा. वेद चोरणारा असुर तो हाच. इतर पात्रे शुद्ध मराठीत बोलत. हा मात्र अस्सल मालवणीत, गावातील उखाळ्यापाखाळ्या काढीत, सावकारापासून भटजींपर्यंत सर्वांची टर उडवीत बोलत सुटे. मोठी माणसे पोट धरधरून हसत. आम्हां मुलांकडे त्याने नुसता मोहरा वळविला की आमची पाचावर धारण बसे. कोकणातील शिमग्यात उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा, कमरेला घुंगरे बांधलेला संकासुर ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

मी पाच-सहा वर्षांचा असताना असाच आजीच्या पदरात तोंड खुपसून रडलो. आजी हसली नाही. तिने पाठीवरून हात फिरविला आणि म्हणाली, “भियेवं नाका, आपलोच तो.” दुसऱ्या वर्षी जत्रेच्या दिवशी तिन्हीसांजेस ती मला हाताला धरून देवळाच्या अग्रशाळेत घेऊन गेली. नटमंडळी रंगावयास बसली होती. एका कोपऱ्यात एक मध्यमवयीन गृहस्थ काळा झगा अंगात चढवून, बुरखा मांडीवर ठेवून, बशीतून चहा पीत होता. त्याने माझे नाव विचारले. घोरपडीची का होईना, शाळेत जातोस का, असे काहीसे बोलून माझी थट्टा केली. त्या रात्री संकासुर आला तेव्हा मी पुन्हा भ्यालोच. पण बोलण्याच्या ओघात त्याने माझे नाव घेतले, सारी सभा माझ्याकडे वळून हसली, आणि मीही हसलो. भय गेले असे नाही. भय आणि हसू दोन्ही एकाच वेळी अंगावर शहारले, आणि दोन्ही मला आवडले.

आज विचार करता आजीने काय केले ते उमगते. तो संकासुर नव्हेच, असे खोटे तिने मला सांगितले नाही. भिण्यासारखे काही नाही असेही म्हणाली नाही. सोंगाच्या आत कोण आहे तेवढे तिने दाखविले. बाकीचे काम जत्रेने केले. संकासुर कितीही माजला तरी तो देवासमोर माजत होता. त्याच्या आधी गणपती येऊन गेलेला होता आणि त्याच्या मागून विष्णू यावयाचा होता. त्याचा वध ठरलेला होता. पहाटे दहीकाल्याची हंडी फुटून रात्र संपावयाची होती. आणि त्याला भिणारा मी एकटा नव्हतो. हजार माणसांच्या मांडीला मांडी लावून मी भीत होतो. स्थळ, काळ, शेवट आणि सोबत, या चार दोरांनी बांधलेले ते भय होते. विदूषकाभोवती ओंकार असतो तो असा.

हे केवळ आमच्या किनाऱ्यापुरते आहे असे नाही. सुरत ज्या प्रांतात आहे त्या गुजरातेत भवाईचा खेळ देवीपुढे होतो. आरंभी गणपतीचा वेष येतो. नट तोंडापुढे थाळी धरून नाचतो. मगच रंगलो वाटेल त्याची फिरकी घ्यावयास मोकळा होतो. परंपरेने विदूषकाला मोकाट सोडले नाही आणि त्याचे तोंडही बंद केले नाही. देवाच्या दृष्टीसमोर त्याला मुभा दिली.

आता सुरतेच्या तंबूकडे परत जाऊ. भरतमुनींच्या हिशेबाने पाहता तेथे मोठी गंमत झाली. हास्याचा जो श्वेत वर्ण, त्याने माखलेल्या तोंडाला माझी नात भ्याली. आणि भयानकाचा जो कृष्ण वर्ण, तो पांघरलेल्या संकासुराने मला अखेर हसविले. तेव्हा भय रंगात नाही आणि मुखवट्यातही नाही. ते आहे अनोळखीपणात. मागच्या बाकावरचे ते गृहस्थ भले होते, परंतु त्यांनी सांगितले काय? “ए तो जोकर छे.” म्हणजे सोंग कशाचे आहे तेवढे सांगितले. ते तर मुलीला दिसतच होते. त्यालाच ती भ्याली होती. आजीने सांगितले ते उलट होते: सोंग कशाचेही असो, आत आपलाच माणूस आहे. “जोकर छे” आणि “आपलोच तो” या दोन वाक्यांमध्ये हास्य आणि भय यांच्यातले सारे अंतर सामावले आहे.

भयकथेतील विदूषक भयंकर का, याचे उत्तर मला येथे सापडते. लेखक त्याच्या भोवतीचे चारही दोर एकेक करून कापतो. त्याला देवळापुढून उचलून निर्जन गल्लीत, गटाराच्या तोंडाशी उभा करतो. त्याचा खेळ संपण्याची वेळ ठेवत नाही. त्याच्या मागून येणारा विष्णू काढून टाकतो. सोबतची हजार माणसे दूर सारून समोर एकच मूल ठेवतो. आणि अखेरचा दोर कापतो तो हा, की बुरखा काढला तर आत माणूसच नाही असे सांगतो. हसू तेवढे तोंडावर तसेच ठेवतो. मर्यादा गेली, मुभा उरली. ‘आपला’ गेला, नुसता ‘तो’ उरला.

येथे कोणी म्हणेल, मग अशा कथा लिहूच नयेत काय? असे मला म्हणावयाचे नाही. भयानक हाही रसच आहे, आणि ज्याला आपण सुरक्षित आहोत हे कळते त्या प्रौढ रसिकाने तो चाखावा. पुस्तक मिटता येते, दिवा लावता येतो. तोही एक मंडपच म्हणावयाचा. माझी तक्रार वेगळी आहे. जत्रेत जे भय आम्ही आजीच्या पदराआडून, हजार जणांत वाटून घेतले, ते आजचे मूल रात्री पांघरुणाखाली, हातातल्या फोनच्या उजेडात, एकट्याने घेते. सकाळी त्याला अग्रशाळेत नेऊन आतला माणूस दाखविणारे कोणी नसते. भय तेच, त्याचा मंडप तेवढा आपण उतरवून ठेवला.

आणि दोष केवळ कथाकारांचा किंवा फोनचाही नाही. पोच्या कथेतला तो खुजा विदूषक मला वारंवार आठवतो. नाट्यशास्त्रातील विदूषकही बुटका, कुबडा, दंतुर, टकला असा वर्णिला आहे. आणि सर्कशीत तर निसर्गतःच खुज्या असलेल्या माणसांना जोकर करण्याचा प्रघात फार जुना. म्हणजे ज्याच्या शरीराला आपण हसतो तो हसणे-न हसणे निवडू शकतो असे नाही. त्याचे पोट आपल्या हसण्यावर अवलंबून असते. गणपतीच्या रूपाला चंद्र हसला, त्याची कथा आपण दर भाद्रपदात सांगतो आणि चतुर्थीचे चंद्रदर्शन टाळतो. दुसऱ्याच्या व्यंगाला हसणे हा अपराध आहे, आणि हसणाऱ्याला त्याचे फळ भोगावे लागते, ही शिकवण तिच्यात आहे. भयकथेत विदूषक सूड घेण्यास परत येतो, तेव्हा आपण ज्याला कधी माणूस म्हणून पाहिले नाही त्याची आपल्याच मनात दडलेली टोचणी बाहेर येत नसेल कशावरून? ज्याच्याकडून आपण केवळ घेतले, त्याच्या हास्यावर विश्वास कसा बसावा?

हास्याचेही भरतमुनींनी सहा प्रकार केले आहेत; उत्तमांचे स्मित व हसित, मध्यमांचे विहसित व उपहसित, अधमांचे अपहसित व अतिहसित. भ्यालेल्या मुलीकडे पाहून त्या संध्याकाळी आम्ही हसलो ते यांतले कोणते, हे सांगण्याची गरज नाही. मूल भ्याले म्हणजे त्याला हसणे, ‘भित्रे’ म्हणून हिणविणे, ज्याला भ्याले त्याच्याच अंगावर त्याला ढकलणे, हे आपल्या घरांत सर्रास चालते. आणि त्यालाच आपण धीट करणे म्हणतो. त्याने मूल धीट होत नाही. मोठी माणसे आपल्या बाजूची नाहीत एवढेच ते शिकते, आणि मग त्याच्या लेखी सारेच चेहरे रंगविलेले होतात.

परवा मी नातीला हे सारे आपल्या परीने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे तेव्हा तुम्ही मला तंबूच्या मागे न्यायला हवं होतं.” बरोबर आहे. खेळ संपल्यावर दोन घटका थांबून, कोणाला तरी विनंती करून, तेल लावून तोंडाचा रंग पुसणारा तो माणूस तिला दाखविता आला असता. तो कोणत्या गावचा, घरी त्याला कोणी मुले आहेत का, हे मी त्याला विचारू शकलो असतो. ते मला सुचले नाही. एका लहान मुलीपुढे त्याने हात केला होता; उत्तरादाखल किंकाळी आली आणि भोवतालचे सारे हसले. त्या क्षणी त्याच्या मनात काय आले असेल, हे मला अजूनही ठाऊक नाही. त्याचे तोंड तर हसतच होते. त्या तंबूत एवढी माणसे होती. पण तो खरोखर हसत होता का, हा प्रश्न एका पाच वर्षांच्या मुलीलाच पडला.